बलाची मेट्रिक एकके : रूपांतर-गुणकांमागील इतिहास

प्रस्तावना :
डाइन, न्यूटन व किलोग्रॅम-बल या एककांचे परस्पर रूपांतर विद्यार्थी कोष्टक पाहून करतो. एक न्यूटन म्हणजे १,००,००० डाइन. एक किलोग्रॅम-बल म्हणजे ९.८०६६५ न्यूटन. पहिला गुणक दहाचा घात आहे, दुसरा नाही. दशमान पद्धतीत हा भेद का पडला, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

दोन परंपरा :
अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये मेट्रिक पद्धती सिद्ध झाली, तेव्हा तिच्यात बलाचे स्वतंत्र एकक नव्हते. अभियंते एक किलोग्रॅम वस्तुमानाच्या वजनालाच बलाचे एकक मानू लागले. परंतु गुरुत्वीय त्वरण विषुववृत्तावर सुमारे ९.७८, तर ध्रुवांवर सुमारे ९.८३ मीटर प्रति सेकंद वर्ग असते. साहजिकच हे एकक स्थानपरत्वे बदलत असे. १८७३ मध्ये ब्रिटिश असोसिएशनच्या समितीने निराळा मार्ग पत्करला. एक ग्रॅम वस्तुमानास एक सेंटिमीटर प्रति सेकंद वर्ग त्वरण देणारे बल म्हणजे डाइन, अशी व्याख्या तिने केली. या व्याख्येत पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाला स्थान नव्हते.

१९०१ चा निर्णय :
वजन-मापांच्या तिसऱ्या सर्वसाधारण परिषदेने १९०१ मध्ये दोन गोष्टी स्पष्ट केल्या. किलोग्रॅम हे वस्तुमानाचे एकक असून वजन ही बलाच्या जातीची राशी आहे. आणि प्रमाण गुरुत्वीय त्वरण ९८०.६६५ सेंटिमीटर प्रति सेकंद वर्ग मानावे. म्हणजेच ९.८०६६५ हा आकडा आज मोजमापातून येत नाही. तो परिषदेने ठरविलेला संकेत आहे. मीटर-किलोग्रॅम-सेकंद पद्धतीतील बलाच्या एककास १९४८ मध्ये 'न्यूटन' हे नाव मिळाले व १९६० मध्ये ते आंतरराष्ट्रीय एकक पद्धतीत समाविष्ट झाले.

भारतीय संदर्भ :
भारतात १९५६ च्या कायद्याने दशमान वजन-मापे स्वीकारली गेली. बाजारात किलोग्रॅम रुळला, पण 'वजन' हा शब्द वस्तुमान व बल या दोन्ही अर्थांनी वापरात राहिला. कारखान्यांतील अनेक दाबमापकांवर आजही किलोग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर असे अंकन आढळते.

निष्कर्ष :
डाइनचे न्यूटनमध्ये रूपांतर करताना केवळ दशांशचिन्ह सरकते. किलोग्रॅम-बलाचे करताना मात्र वस्तुमान व वजन यांतील भेद ओलांडावा लागतो. गुणक पाठ करून घेण्यापूर्वी हा भेद शिकविला, तर विद्यार्थ्यांच्या अनेक चुका मुळातच टळतील.