गाढवांचा सातबारा

मराठी माणसाचा आणि गाढवाचा संबंध निदान आठ-नऊशे वर्षांचा आहे, आणि तो पहिल्यापासूनच बिघडलेला आहे. घोड्याला आपण पोवाड्यात घेतलं, बैलाला पोळ्याच्या दिवशी झूल पांघरून पुरणपोळी चारली, चावणाऱ्या नागाला पाटावर काढून दूध-लाह्या दाखवल्या, धान्य फस्त करणाऱ्या उंदराला तर थेट गणपतीच्या पायाशी बसवलं. गाढवाला काय दिलं? पाठीवर गोणी, मागून फटका आणि वर एक म्हण.

आणि म्हणी तरी किती! गाढवाला गुळाची चव काय, गाढवापुढे वाचली गीता, गाढवांचा गोंधळ नि लाथांचा सुकाळ. ‘अडला हरी गाढवाचे पाय धरी’ ही तर कमालच आहे. अडलेला हरी, मदत मागितलेली गाढवाकडे, आणि टोमणाही गाढवालाच! आमच्या कचेरीत तीस वर्षं हीच पद्धत होती, पण तिथे निदान महिन्याच्या शेवटी पगार मिळायचा.

मी जरा तावातावाने लिहितो आहे, त्याला कारण आहे. गेली सहा वर्षं माझ्याकडे दोन गाढवं आहेत. हे वाक्य मी चारचौघांत उच्चारलं की लोक आधी हसतात आणि मग सहानुभूतीने विचारतात, ‘‘मुलगे का?’’ मुलगा मला एकच आहे आणि तो हुशार आहे. मी म्हणतोय ती गाढवं चार पायांची, लांब कानांची, तारोडीच्या आमच्या वाडीत राहणारी.

तारोडी म्हणजे कुठे, असं विचारू नका, सांगतोच. भाईंदरला पश्चिमेला उतरायचं आणि उत्तनकडे जाणारी बस धरायची. इमारती संपतात, मिठागरं लागतात, मग खाडीचा वास, मग चढण, आणि एकाएकी ताडाची झाडं, भाताची खाचरं, तिठ्यावरचे क्रूस. डोंगरी, तारोडी, चौक, उत्तन ही सगळी शेजारशेजारची गावं. एके काळी हा धारावीचा टापू. (मुंबईतली धारावी वेगळी. चिमाजीअप्पांच्या वसईच्या मोहिमेत ज्या धारावीसाठी तलवारी खणखणल्या, ती ही.) १७३९ साली हा मुलूख मराठ्यांकडे आला, पुढे मीरा-भाईंदर नगरपालिकेकडे आणि २००२ साली महानगरपालिकेकडे. आमच्या वाट्याला त्यातले अकरा गुंठे आले.

गाढवं आली ती जवळच्या एका चढावरच्या बांधकामावरून. जिथे ट्रक चढत नाही तिथे विटा-रेती गाढवाच्या पाठीवरून जाते. पुढे तिथे यंत्र आलं, गाढवंवाला गावी परत निघाला, आणि ही दोघं रस्त्याच्या कडेला कागद चघळत उभी राहिली. एकाच्या पाठीवर तळहाताएवढी जखम. मी त्यांना घरी आणलं.

‘‘अहो, लोक निवृत्त झाल्यावर कुत्रा पाळतात,’’ सौ. म्हणाली.

‘‘कुत्रा चावतो.’’

‘‘आणि ही?’’

‘‘ही फक्त लाथ मारतात.’’

ती काही बोलली नाही. पण संध्याकाळी पाहतो तर हळद-तेल घेऊन तीच जखमेपाशी बसलेली. गाढविणीचं नाव गंगी आणि गाढवाचं बाबूराव, ही नावंही तिनेच ठेवली. बाबूराव हे तिच्या माहेरच्या कुणाचं नाव नाही, हे मुद्दाम नमूद करायला तिने सांगितलं आहे.

गाढव पाळून पाहिल्यावर मला पहिला धक्का बसला तो त्याच्या सोवळेपणाचा. उकिरड्यावर उभं राहणारं हे जनावर पाण्याच्या बाबतीत आमच्या आजीच्या वरताण आहे. बादलीत काडी तरंगत असली तरी तोंड लावत नाही. आजी निदान बोलून दाखवायची, गंगी नुसती बादलीकडे आणि मग माझ्याकडे बघते. जेवण मात्र साधं. भाताचा पेंढा, वाळलं गवत, बस. लाड म्हणून धान्य घालू लागलात तर खुरांना रोग होतो. म्हणजे गुळाची चव नसते हे खोटं, चव भरपूर असते, पण गूळ सोसत नाही. मधुमेह झालेल्या माणसाला आपण ‘तुला चव काय’ म्हणतो का?

दुसरा धक्का पावसाचा. गाढव मूळचं आफ्रिकेच्या कोरड्या मुलखातलं, माणसाने ते सातेक हजार वर्षांपूर्वी तिकडेच माणसाळवलं. त्याची केसाळ कातडी पाणी झटकत नाही, शोषून घेते. आणि आणलं कुठे, तर कोकणात! जूनच्या पहिल्या सरीला दोघं जी पत्र्याखाली शिरतात, ती मुंबईला नोकरीला लागलेल्या घाटावरच्या माणसासारखी चार महिने आभाळाकडे बघत उभी असतात. जमीन ओली राहिली की खूर कुजतात. म्हणून खाली फळ्या, वर भुसा, आणि दीड-दोन महिन्यांनी खूर तासायला माणूस. घोड्यांचं काम करणारा तो कारागीर पहिल्यांदा आला तेव्हा दारातून परत फिरत होता. ‘‘काका, फोनवर तुम्ही ‘जनावर’ म्हणालात.’’

तिसरी गोष्ट ओरडण्याची. माणूस श्वास सोडताना ओरडतो, गाढव घेतानाही ओरडतं आणि सोडतानाही. त्यामुळे मध्ये स्वल्पविरामाला जागा नाही. पहाटे साडेचारला बाबूराव रेकू लागला की पलीकडच्या वाडीतल्या मावशी उठून चर्चला जायची तयारी करतात. तक्रार कधी नाही. उलट एकदा तो आजारी होता तर त्यांची सकाळची प्रार्थना चुकली, त्याचा मात्र त्यांनी जाब विचारला.

आणि हट्टीपणा? घोडा घाबरला की पळतो, गाढव घाबरलं की थांबतं आणि विचार करतं. आपल्याकडे थांबून विचार करणाऱ्याला काय म्हणतात, ते सांगायला नको.

तर अशा सज्जन प्राण्याशी आपल्या पूर्वजांचं काय बिनसलं, हे शोधायला मी वाचायला बसलो. सुरुवात वेदांपासून. ऋग्वेदात अश्विनीकुमारांच्या रथाला गाढव जुंपल्याचा उल्लेख आहे. ऐतरेय ब्राह्मणात तर देवांची शर्यत त्यांनी गाढवांच्या रथावर बसून जिंकली, आणि त्या धावण्यात दमून गाढवाचा वेग कायमचा गेला, असं सांगितलं आहे. आता बघा, धावलं गाढव आणि नाव ‘अश्विनी’कुमार! पुढे शीतलादेवीने त्याला वाहन केलं. पण १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने देवीचा रोग जगातून हद्दपार झाल्याचं जाहीर केलं आणि गाढवाची तीही नोकरी मंदावली.

राजेलोकांना गाढव आठवायचं ते शत्रूचं नाक कापायचं असलं म्हणजे. ओरिसातल्या हाथीगुंफेच्या लेखात खारवेल राजा मोठ्या अभिमानाने सांगतो की, त्याने पिथुंड नावाच्या नगरावर गाढवांचा नांगर फिरवला. ही गोष्ट दोन हजार वर्षांपूर्वीची. आमच्या पुण्यावरही १६३० च्या सुमारास आदिलशाहीच्या मुरार जगदेवाने तोच प्रयोग केला. जमीन ओसाड पडली, इथे वस्ती करू नका, असा त्याचा अर्थ. पुढे जिजाबाईंनी बालशिवाजीच्या हातून त्याच भूमीवर सोन्याचा नांगर फिरवला, अशी परंपरा आहे. अपशकुन उलटला, पुणं वसलं, आणि इतकं वसलं की आता गाडी लावायला जागा नाही. गाढवाचा नांगर बाधतो, या समजुतीला याहून भक्कम उत्तर मला तरी ठाऊक नाही.

पण मला खरा हात मिळाला तो आमच्या उत्तर कोकणातच. इथे शिलाहार राजांचं राज्य होतं. ते देवळांना, ब्राह्मणांना जमिनी दान देत आणि तिथे एक दगड उभा करत. वर सूर्य-चंद्र, म्हणजे ते आहेत तोवर हे दान टिको. मध्ये मजकूर. आणि तळाशी गाढव कोरलेलं. हे दान जो मोडेल त्याच्या मातोश्रींच्या बाबतीत ते गाढव काय करील, हे चित्रात दाखवलेलं असे. कौटुंबिक पुस्तकात मी याहून जास्त लिहू शकत नाही. या दगडांना गधेगाळ म्हणतात, ‘गाळ’ म्हणजे शिवी. मुंबईत परळला सापडलेल्या अपरादित्य राजाच्या बाराव्या शतकातल्या लेखात एक मोठी मौज आहे. लेख संस्कृतात आणि शेवटची शिवी तेवढी मराठीत! राजाला पक्कं ठाऊक होतं की पुण्य संस्कृतात सांगितलं तरी चालेल, दम मात्र लोकांना कळेल अशा भाषेतच दिला पाहिजे.

हे वाचलं आणि मी वाडीत जाऊन बाबूरावाकडे नव्याने पाहिलं. म्हणजे तलाठी नव्हता, सातबारा नव्हता, रजिस्ट्रार कचेरी नव्हती, तेव्हा जमिनीची राखण गाढव करत होतं. सूर्य-चंद्र नुसते साक्षीला. जरब होती ती याची.

संतांपैकी एकनाथांनी काशीहून आणलेली गंगेची कावड तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडी रिती केली, ही कथा आपण लहानपणी पाठ केली. पण ती आपण नाथ किती थोर हे सांगायला वापरली. गाढवाला पाणी पाजायला हवं, हा भाग पाठांतरात राहून गेला. अजूनही बीड जिल्ह्यात केज तालुक्यातल्या विडा गावी धुळवडीला जावयाला गाढवावर बसवून मिरवतात आणि नंतर नवे कपडे देतात. जावयाला. गाढवाला नव्हे.

इतिहास पुरे, आता हिशेबाचं बोलू. आपल्या देशात १९१९ पासून पशुगणना होते. २०१२ साली देशात सुमारे तीन लाख वीस हजार गाढवं होती. २०१९ साली एक लाख वीस हजार. सात वर्षांत शंभरातली एकसष्ट गेली! महाराष्ट्रात उरली अठरा हजारांच्या आसपास. म्हणजे आमच्या लोकलच्या चार-पाच गाड्यांत बसतील. जेजुरीला पौष पौर्णिमेला आणि नगर जिल्ह्यात मढीला कानिफनाथांच्या यात्रेत अजून गाढवांचा बाजार भरतो, दात बघून दुवान, चौवान, अखंड अशी पारख होते, पण विटा ट्रॅक्टरने जातात, रेती यंत्राने चढते आणि धुणं घरोघर फिरत्या पिंपात. शिवाय चीनमध्ये गाढवाचं कातडं उकळून औषध करतात. त्यापायी आफ्रिकेतली गाढवं इतकी कमी होऊ लागली की २०२४ च्या फेब्रुवारीत आफ्रिकी संघाने हा व्यापार बंद करण्याचा ठराव केला. आपण मात्र रोज एकमेकांना गाढव म्हणतो आहोत. जनावर संपलं तरी शिवी पुरेल, इतका साठा आहे.

आमच्या वाडीपुरता प्रश्न आणखी साधा आहे. महिन्या-दोन महिन्यांनी कुणीतरी एजंट येतो. बसतो, सरबत पितो, ताडांकडे बघतो. ‘‘काका, एवढ्या जागेत गाढवं?’’ मुलगाही म्हणतो, ‘‘बाबा, तुम्ही दोघं ठाण्याला या, लिफ्ट आहे, दवाखाना खाली आहे.’’ त्याचं चूक नाही. मी अडुसष्ट वर्षांचा आहे. जनावरांच्या डॉक्टरांनी दात पाहून बाबूराव दहाच्या आतबाहेर असल्याचं सांगितलं. नीट ठेवलेलं गाढव तीस वर्षं जगतं. वजाबाकी मी कचेरीत आयुष्यभर केली, ही मात्र करायला नको वाटते. आणि दोघांना वेगळं करता येत नाही. एकाला मागच्या पावसाळ्यात दोन दिवस उपचारांसाठी नेलं तर दुसरीने पेंढ्याला तोंड लावलं नाही. जोडीने राहायची सवय म्हणजे काय असते, ते सौ.ला आणि मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. मुलाला मी एवढंच लिहून ठेवलं आहे की जागेचं काय करायचं ते कर, आधी या दोघांची एकत्र सोय कर. तळाशी गाढव कोरायचा मोह आवरला.

एकविसावी पशुगणना ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली. त्या फेरीत एक तरुण आमच्याकडेही आला. शेळ्या? नाहीत. कोंबड्या? नाहीत. निघाला होता, तेवढ्यात मागून बाबूरावाने आवाज दिला. पोरगा दचकला आणि मग एकदम खूश झाला. ‘‘सर, या भागात मला पहिल्यांदाच मिळाली!’’ कशाला ठेवली आहेत, असं त्याने विचारलं. ओझं? नाही. दूध? नाही. विक्री? नाही. ‘‘मग काय लिहू?’’ सौ. आतून म्हणाली, ‘‘घरची आहेत म्हणून लिहा.’’

आता ताजी बातमी. गंगी गाभण आहे. गाढविणीचे दिवस वर्षभराचे असतात, डॉक्टर म्हणतात नाताळच्या आधी होईल. ही बातमी मी कुणाला सांगितली नव्हती, पण मावशी कुंपणाशी आल्याच. त्यांचं देऊळ डोंगरीचं, १६१३ साली स्थापन झालेलं, बेथलेहेमच्या मातेचं. येशूच्या जन्माच्या गोठ्यात गाढव असतं आणि झावळ्यांच्या रविवारी येशू येरुशलेममध्ये शिरतो तोही गाढवावरून. त्यामुळे माझ्या संपूर्ण ओळखीत गाढवाबद्दल आदराने बोलणारी ही एकच व्यक्ती.

‘‘आमच्या घरच्या गोठ्यात प्लास्टरचं गाढव आहे, त्याचा कान गेला,’’ त्या म्हणाल्या. ‘‘या खेपेला तुमचं पिलू द्याल का एका संध्याकाळपुरतं?’’

मी सांगितलं, पिलू आईला सोडून येणार नाही, गंगी बाबूरावाला सोडून येणार नाही, आणि तिघांना सांभाळायला मला यावं लागेल. मावशींनी वळून आपलं अंगण या टोकापासून त्या टोकापर्यंत नजरेने मोजलं.

‘‘मावाल,’’ त्या म्हणाल्या. ‘‘बाईंनाही घेऊन या.’’