पबजी मोबाइल ग्लोबल चॅम्पियनशिप

पबजी मोबाइल या खेळाची सर्वोच्च वार्षिक जागतिक स्पर्धा, संक्षेप पीएमजीसी. पहिला हंगाम 2020 चा. चार-चार खेळाडूंचे 16 संघ एकाच नकाशावर उतरतात, सुरक्षित झोन आकसत जातो आणि शेवटपर्यंत टिकणाऱ्या संघाला ‘चिकन डिनर’ मिळते. विजेतेपद मात्र एका डावावर ठरत नाही. अनेक सामन्यांतील क्रमांकाचे आणि किलचे गुण जोडले जातात, त्यामुळे नुसता दडून बसणारा संघ मागे पडतो.

या स्पर्धेआधी 2018 मध्ये दुबईत ‘स्टार चॅलेंज’ झाले. ते थायलंडच्या आरआरक्यू अथेनाने जिंकले. जुलै 2019 मध्ये बर्लिनच्या ‘क्लब ओपन’ अंतिम फेरीत मुंबईचा नमन माथूर (मॉर्टल) याच्या टीम सोलने भारताचे प्रतिनिधित्व केले. क्रमांक बारावा आला. एव्हाना खेळ घराघरांत पोचला होता. मुंबई असो की भिंगारसारखे लहान गाव, त्याला महागडा संगणक लागत नव्हता. साधा स्मार्टफोन आणि डेटा पुरे होता. भारतीय संघ इतक्या झपाट्याने तयार झाले, त्याचे मोठे कारण हेच.

2020 च्या उन्हाळी जागतिक लीगमध्ये पूर्व विभागात ऑरेंज रॉक हा भारतीय संघ दुसरा आला. गोव्याचा जोनाथन अमराल त्याच लीगमध्ये टीएसएम-एंटिटीकडून खेळला. गलवान खोऱ्यातील भारत-चीन चकमकीनंतरच्या तणावात 2 सप्टेंबर 2020 रोजी केंद्र सरकारने 118 ॲपवर बंदी घातली, त्यांत पबजी मोबाइल होते. 30 ऑक्टोबरला भारतातील सेवा थांबली. त्यामुळे जानेवारी 2021 मध्ये दुबईत झालेल्या पहिल्या पीएमजीसी अंतिम फेरीत भारतीय संघ नव्हता. चीनचा नोव्हा विजेता ठरला. बंदीमागे सुरक्षेचे कारण होते. तिची खेळातली किंमत मात्र ऐन भरात असलेल्या खेळाडूंनी मोजली.

जुलै 2021 मध्ये ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ (बीजीएमआय) या नावाने खेळ भारतात परतला, तेव्हा जागतिक वाट पुन्हा उघडली. 2021 च्या पीएमजीसी हंगामाचे विजेतेपदही नोव्हाने राखले. 28 जुलै 2022 रोजी बीजीएमआयदेखील ॲप स्टोअरवरून हटले आणि मे 2023 मध्ये तीन महिन्यांच्या चाचणी परवानगीवर परतले. अशा तुटक वर्षांत संघ बांधणे, सराव टिकवणे आणि प्रायोजक धरून ठेवणे फार कठीण.

या काळात इतर देश पुढे गेले. जकार्तात 2022 च्या हंगामाचे विजेतेपद तुर्कस्तानच्या एसटूजीने, 2023 मध्ये इस्तंबूलला मंगोलियाच्या आयएचसीने आणि 2024 मध्ये लंडनला दक्षिण कोरियाच्या डीप्लस कियाने मिळवले. यांतले मंगोलियाचे यश सर्वांत लक्षणीय मानावे लागेल. त्या देशाची लोकसंख्या सुमारे 35 लाख, म्हणजे अहिल्यानगर जिल्ह्याहूनही कमी. 2024 पर्यंत हे अजिंक्यपद कोणत्याही भारतीय संघाला मिळालेले नाही.