आधीं नक्कल, मग दुरुस्ती

विसाव्या शतकाच्या अखेरच्या वर्षांत ज्यांनीं घरीं वा कचेरींत संगणक वापरला, त्यांस एक निळा पडदा चांगलाच परिचयाचा होता. वीज अवचित जावी, ती परत आल्यावर यंत्र सुरू करावें, आणि विंडोज ९८ नें प्रथम तक्रार करावी कीं, मागील वेळीं यंत्र रीतसर बंद केलें नव्हतें. सबब डिस्क तपासली जात आहे. ज्याचें महिनाभराचें लिखाण त्या डिस्कवर असे, तो तपासणी संपेपर्यंत जीव मुठींत धरून बसे. ही तपासणी काय वाचवूं शके आणि काय वाचवूं शकत नसे, हें तिच्या इतिहासावरून उमगतें.

या इतिहासाचा आरंभ १९७७ सालीं झाला. मायक्रोसॉफ्ट कंपनींतील मार्क मॅकडोनल्ड यांनीं त्या वर्षीं डिस्कवरील जागेची नोंद ठेवण्याची एक सुटसुटीत पद्धति रचिली. फाइल अलोकेशन टेबल या तिच्या नांवाचा ‘फॅट’ हा संक्षेप पुढें जगभर रूढ झाला. सिअ‍ॅटल येथील टिम पॅटर्सन यांनीं १९८० सालीं आपल्या ८६-डॉसमध्यें याच कल्पनेचा अंगीकार केला. मायक्रोसॉफ्टनें १९८१ सालीं तें डॉस विकत घेतलें, आणि त्याच वर्षीं ऑगस्ट महिन्यांत आय.बी.एम्.च्या वैयक्तिक संगणकाबरोबर तें जगापुढें आलें.

या पद्धतींत डिस्कचे ‘क्लस्टर’ नांवाचे लहान लहान खण पाडलेले असतात. एका फाइलीचा मजकूर शेजारशेजारच्या खणांतच राहील असा नेम नसतो. म्हणून अनुक्रमणिकेंत फाइलीचें नांव व तिचा पहिला खण लिहिलेला असतो, आणि पुढचा खण कोणता हें टेबलांत पाहावें लागतें. सावकाराच्या खतावणींत एखाद्या खात्याचें पान भरलें म्हणजे ‘पुढें पान अमुक’ असें लिहावें, तसाच हा प्रकार होय. ही खतावणी दोन प्रतींत ठेवीत. परंतु दोन्ही प्रती एकमेकींस लागूनच असत.

तींत मुख्यतः दोन दोष उद्भवत. मजकूर खणांत पडला, पण अनुक्रमणिकेंतील नोंद पुरी होण्यापूर्वींच वीज गेली, तर ते खण भरलेले दिसत आणि त्यांचा धनी मात्र सांपडत नसे. हे ‘हरवलेले क्लस्टर’. दुसऱ्या प्रकारांत एकाच खणावर दोन फाइली हक्क सांगत. पहिली बेवारशी मालमत्ता, तर दुसरा एकाच शेतावरील दोघांचा दावा.

१९८१ च्या डॉसबरोबरच ‘चेकडिस्क’ नांवाची आज्ञा आली. ती अनुक्रमणिका व टेबल ताडून पाही. बेवारशी साखळ्या सांपडल्यास त्या गोळा करून नव्या क्रमांकित फाइलींत ठेवी. दोन फाइलींच्या दाव्यांत मात्र ती केवळ वर्दी देई. निवाडा माणसानेंच करावयाचा. दोन्हींच्या नकला दुसरीकडे काढाव्या, मूळच्या पुसाव्या, आणि कोणती नक्कल शाबूत आहे तें वाचून ठरवावें, हा त्यावरील मार्ग होता. चेकडिस्कला मजकूर कळत नसे. खतावणीचा मेळ बसला कीं तिचें काम संपे. त्या मेळापायीं कोणाच्या ग्रंथाचें अर्धें प्रकरण गळालें तरी तिला त्याची दाद नसे.

कधीं कधीं वैद्याकडूनच रोग्यास अपाय झाला. १९९१ सालच्या डॉस ५ मधील चेकडिस्कमध्यें असा एक दोष राहिला होता कीं, टेबलाचा आकार विशिष्ट असेल तर दुरुस्ती करतांनाच डिस्कची हानि होई. सुधारलेली आवृत्ति काढून तो दूर करावा लागला. पुढें नोव्हेंबर १९९३ मध्यें डॉस ६.२ बरोबर ‘स्कॅनडिस्क’ आलें. दुरुस्तीपूर्वीची स्थिति एका फ्लॉपीवर लिहून ठेवण्याची सोय त्यांत होती. दुरुस्ती चुकूं शकते, याची ही प्रांजळ कबुलीच होती.

१९९६ च्या सुधारित विंडोज ९५ पासून, यंत्र अवचित बंद पडल्यास तपासणी आपोआप होऊं लागली. तीहि निर्वेध नव्हती. दुसरा एखादा कार्यक्रम डिस्कवर लिहीत असला कीं स्कॅनडिस्क पुन्हां पहिल्यापासून आरंभ करी, आणि दहा वेळां असें घडल्यावर तशी सूचना देई. पडदारक्षक व इतर कार्यक्रम बंद करावे, किंवा यंत्र ‘सेफ मोड’मध्यें चालवावें, म्हणजे ती पुरी होई.

याहून विलक्षण प्रकार विंडोज ९८ च्या वेगवान यंत्रांवर घडला. डिस्क आपल्या तात्पुरत्या स्मृतींतील मजकूर तबकडीवर उतरवीत असतांनाच यंत्र स्वतःची वीज तोडी. म्हणजे मालकानें सर्व रीत पाळूनहि दुसऱ्या दिवशीं दोष त्याच्याच माथीं येई! मायक्रोसॉफ्टनें अखेर एक दुरुस्ती काढून यंत्र बंद होण्यापूर्वीं किंचित् विलंब घातला. पडद्यावरील आरोप आणि खरें कारण एकच असेल असें नाहीं, हा धडा त्यांतून मिळाला.

१९९३ सालीं विंडोज एन्.टी.बरोबर आलेल्या एन्.टी.एफ्.एस्. पद्धतीनें निराळा उपाय योजिला. खतावणींत फेरफार करण्यापूर्वीं तो रोजकीर्दींत लिहावयाचा, म्हणजे मध्येंच वीज गेली तरी रोजकीर्द पाहून मेळ घालतां येतो. परंतु ही रोजकीर्दहि खतावणीच्या रक्षणासाठींच आहे. अर्धवट लिहिलेला मजकूर ती परत देत नाहीं.

विंडोज ९८ ची अधिकृत देखभाल जुलै २००६ मध्यें संपली. तरीहि एखाद्या जुन्या यंत्रांत कोणाचा पत्रव्यवहार वा जमाखर्च अडकलेला असतो, आणि तें सुरू करतांच तोच निळा पडदा उभा राहतो. अशा वेळीं दुरुस्तीची घाई करूं नये. डिस्क दुसऱ्या यंत्रास जोडून प्रथम तिची संपूर्ण नक्कल काढावी, आणि तपासणी त्या नकलेवर चालवावी. खतावणी पुन्हां जुळवतां येते. पुसलेलें पत्र पुन्हां लिहावयास लिहिणारा माणूस असावा लागतो.