वॉस्को काउंटी

वॉस्को काउंटी : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील ऑरेगन राज्याच्या उत्तर भागातील ग्रामीण काउंटी. क्षेत्रफळ सु. ६,२०० चौ. किमी. लोकसंख्या २६,६७० (२०२०). उत्तरेस कोलंबिया नदी व तिच्या पलीकडे वॉशिंग्टन राज्य, पश्चिमेस कॅस्केड पर्वतरांग, तर पूर्वेस डेशूट्स आणि जॉन डे या नद्या. द डॅल्स (लोकसंख्या १६,०१०) हे प्रशासकीय ठाणे व एकमेव मोठे शहर. मॉपिन, ड्यूफर, मोझिअर, अँटिलोप, शॅनिको ही अन्य छोटी गावे. तीन सदस्यांचे निर्वाचित मंडळ कारभार पाहते. शेरीफ आणि क्लर्क यांनाही मतदारच निवडून देतात. नदी, जमीन आणि मत यांवर हक्क कोणाचा, या प्रश्नाभोवती या काउंटीचा इतिहास घडला आहे. अमेरिकेच्या पश्चिमेचा इतिहास समजून घेण्यास ती म्हणूनच फार महत्त्वाची आहे.

भूवर्णन : सुमारे १.७ कोटी वर्षांपूर्वीपासून भेगांतून वाहिलेल्या लाव्ह्याच्या थरांनी हा प्रदेश बनला. हिमयुगाच्या अखेरीस मोंटॅनातील एका हिमनिरुद्ध सरोवराचा बांध पुनःपुन्हा फुटला. त्या महापुरांनी कोलंबियाची घळई खरवडून रुंद केली आणि काळ्या बेसाल्टचे उघडे कडे मागे ठेवले. पॅसिफिक महासागरावरून येणारे ढग कॅस्केडच्या पश्चिम उतारावरच रिते होतात. त्यामुळे पश्चिम सीमेवर सूचिपर्णी अरण्य, मोझिअर व रोवेना परिसरात ओक वृक्षांची माळराने आणि दक्षिण-पूर्वेस सेजब्रशची कोरडी पठारे, असा पालट थोड्याच अंतरात दिसतो. द डॅल्स येथे वर्षाकाठी सु. ३५ सेंमी. पाऊस पडतो, तोही मुख्यतः हिवाळ्यात. कोलंबिया घळईच्या रक्षणासाठी अमेरिकी काँग्रेसने १९८६ मध्ये खास कायदा केला. काउंटीचा उत्तर काठ त्याच्या कक्षेत येतो.

मूळ रहिवासी : कोलंबियाच्या दक्षिण काठावर राहणाऱ्या वॉस्को जमातीवरून काउंटीला नाव मिळाले. द डॅल्सच्या पूर्वेस नदी खडकांतून चिंचोळी होऊन उसळत असे. तेथे सेलायलो धबधबा होता. येथील मानवी वावर व मासेमारी सु. १०,००० वर्षांइतकी जुनी असल्याचे उत्खननांतून दिसते. प्रवाहावर लाकडी मचाणे बांधून, लांब दांड्यांच्या जाळ्यांनी वर उड्या घेणारे सामन मासे पकडले जात. कोणत्या मचाणावर कोणत्या कुटुंबाचा हक्क, हे पिढ्यान्पिढ्या ठरलेले असे. सुकवून कुटलेल्या सामनच्या मोबदल्यात समुद्राकाठचे शिंपले, पठारावरची कंदमुळे, घोडे व कातडी येत. दूरदूरच्या जमातींना जोडणारी ही बाजारपेठ १८०५ च्या ऑक्टोबरमध्ये लुइस आणि क्लार्क यांच्या मोहिमेनेही पाहिली.

वसाहत व काउंटीची स्थापना : १८३८ मध्ये मेथडिस्ट मिशनऱ्यांनी येथे ठाणे उभारले. १८४० नंतर ऑरेगन ट्रेल या स्थलांतर-मार्गाने हजारो कुटुंबे आली. द डॅल्सला बैलगाड्यांची वाट संपे आणि पुढे तराफ्यावरून धोक्याचा नदीप्रवास करावा लागे. माउंट हूडला दक्षिणेकडून वळसा घालणारा बार्लो मार्ग १८४६ मध्ये खुला झाल्यावर त्यांना पर्याय मिळाला. ११ जानेवारी १८५४ रोजी काउंटी स्थापन झाली, तेव्हा ती कॅस्केडपासून रॉकी पर्वतापर्यंत पसरली होती. सु. ३,३६,००० चौ. किमी., म्हणजे आजच्या महाराष्ट्राहून मोठ्या अशा या प्रदेशाइतकी विस्तीर्ण काउंटी अमेरिकेत दुसरी झाली नाही. तिच्यातून पुढे ऑरेगनमधील १७ काउंट्या निघाल्या आणि उरलेला भाग शेजारच्या प्रदेशांत गेला.

स्थापनेनंतर दीड वर्षातच, २५ जून १८५५ रोजी, द डॅल्सजवळ मध्य ऑरेगनच्या जमातींशी तह झाला. सु. १ कोटी एकर भूमी त्यांच्या हातून गेली. वॉर्म स्प्रिंग्ज राखीव क्षेत्र तेवढे त्यांच्याकडे राहिले. मात्र वहिवाटीच्या जागी मासेमारीचा हक्क त्यांनी तहात राखून ठेवला. तो हिरावण्यासाठी १८६५ मध्ये दुसरा, फसवा तह पुढे करण्यात आला. हा तह निरर्थक ठरवणारा कायदा काँग्रेसने २०२० मध्ये केला. दरम्यान न्यायालयांतून मासेमारीचा हक्क टिकला. उत्तर काठाकडील याकिमा लोकांना नदीच्या दक्षिण काठावरही मासेमारी करता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९१९ मध्ये द डॅल्सच्या एका कॅनरीविरुद्धच्या (मासे डबाबंद करणाऱ्या कारखान्याविरुद्धच्या) खटल्यात दिला. कोलंबियातील माशांचा न्याय्य वाटा जमातींना मिळालाच पाहिजे, असे संघीय न्यायालयाने १९६९ मध्ये सांगितले.

सेलायलोचे बुडणे : वीज व जलवाहतूक यांसाठी द डॅल्स धरणाचे काम १९५२ मध्ये सुरू झाले. १० मार्च १९५७ रोजी दरवाजे बंद होताच काही तासांत सेलायलो धबधबा पाण्याखाली गेला. येथे मासेमारीचा हक्क असलेल्या चार जमातींना सु. २.६८ कोटी डॉलर भरपाई मिळाली. पण हजारो वर्षांचे चरितार्थाचे, विधींचे आणि भेटीगाठींचे ठिकाण पैशाने परत येणारे नव्हते. हे नुकसान केवळ त्या जमातींचे नाही, मानवी संस्कृतीचे आहे. सेलायलो गावात आजही वसंत ऋतूत पहिल्या सामनचा सण होतो आणि डेशूट्सवरील शेरार्स धबधब्यावर मचाणावरून जाळी टाकली जातात. वॉस्को लोकांची किक्श्त भाषा अस्खलित बोलणारी अखेरची व्यक्ती २०१२ मध्ये निवर्तली. जमात आता भाषेच्या पुनरुज्जीवनासाठी धडपडत आहे.

रजनीशपुरम : या काउंटीचा पुण्याशी थेट संबंध आहे. कोरेगाव पार्कातील आश्रम सोडून भगवान श्री रजनीश (नंतरचे ओशो) १९८१ मध्ये अमेरिकेत आले. त्यांच्या अनुयायांनी वॉस्को आणि जेफरसन काउंट्यांत पसरलेली सु. ६४,००० एकरांची बिग मडी रँच विकत घेतली. ओसाड माळावर त्यांनी रस्ते, बंधारा, शेती आणि विमानतळ उभारले. ही मेहनत खरी होती. मात्र शेतजमिनीवर रजनीशपुरम हे शहर वसवण्यावरून जमीनवापर कायद्याशी संघर्ष पेटला. जेमतेम काही डझन वस्तीच्या अँटिलोपमध्ये या अनुयायांनी (संन्याशांनी) मताधिक्य मिळवले आणि गावाचे नाव ‘रजनीश’ केले. १९८४ मध्ये काउंटी मंडळाची निवडणूक जिंकण्यासाठी मोठ्या शहरांतून हजारो बेघर माणसे आणली गेली. क्लर्कने मतदार नोंदणी रोखून प्रत्येक अर्जाची सुनावणी अनिवार्य केली. स्थानिक मतदारांना मतदानापासून दूर ठेवण्याच्या कटात रजनीशांची सचिव मा आनंद शीला हिच्या गटाने सप्टेंबर १९८४ मध्ये द डॅल्सच्या दहा उपाहारगृहांत सॅलडवर साल्मोनेला जिवाणू टाकले. ७५१ लोक आजारी पडले. सुदैवाने कोणी दगावले नाही. अमेरिकेतील हा सर्वांत मोठा जैविक हल्ला मानला जातो. शीलाला तुरुंगवास झाला. स्थलांतर कायद्याच्या उल्लंघनाच्या खटल्यात तडजोड करून रजनीश नोव्हेंबर १९८५ मध्ये देशाबाहेर गेले आणि १९८७ मध्ये पुण्यास परतले. त्याच नोव्हेंबरात अँटिलोपने आपले जुने नाव पुन्हा घेतले. रँचवर आज एका ख्रिस्ती संस्थेचे युवा शिबिर आहे.

आर्थिक व समाजजीवन : पठारावर कोरडवाहू गहू आणि द डॅल्सभोवतीच्या उतारांवर चेरी ही प्रमुख पिके. ऑरेगनच्या चेरी उत्पादनात काउंटी अग्रेसर आहे. चेरीच्या तोडणीसाठी मेक्सिकन वंशाचे मजूर येत राहिले, त्यांतील अनेक कुटुंबे येथेच स्थायिक झाली. आज लोकसंख्येचा जवळपास पाचवा हिस्सा हिस्पॅनिक आहे. १९०० मध्ये रेल्वे पोहोचल्यावर शॅनिको हे लोकर व्यापाराचे मोठे केंद्र झाले. १९११ मध्ये डेशूट्सच्या खोऱ्यातून दुसरा लोहमार्ग निघाला आणि व्यापार तिकडे वळला. आता तेथे पन्नासांहूनही कमी लोक राहतात. मॉपिनचा संसार डेशूट्सवरील राफ्टिंग व गळ-मासेमारीवर चालतो. पुलित्झर पारितोषिक (१९३६) मिळवणारे कादंबरीकार एच. एल. डेव्हिस यांचे तारुण्य द डॅल्स येथे गेले.

धरणाच्या स्वस्त विजेवर द डॅल्समध्ये १९५८ पासून अॅल्युमिनियमचा कारखाना चालला. तो बंद पडल्यानंतरच्या काळात, २००६ मध्ये, गूगलचे डेटा सेंटर सुरू झाले. २०२१ मध्ये शहराच्या पाण्यातील चौथ्या हिश्श्याहून अधिक पाणी त्याने वापरले. हा आकडा प्रथम गुप्त ठेवला गेला व न्यायालयीन वादानंतर जाहीर झाला. सामन, चेरी, घरगुती नळ आणि संगणक या सर्वांना पुरेल असे पाणी कसे वाटावे, हा वॉस्को काउंटीपुढचा आजचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधताना १८५५ च्या तहातील हक्क कायद्याने आजही बंधनकारक आहेत.