हार्ड डिस्क फॉरमॅट करणे

संगणकाच्या हार्ड डिस्कवरची जुनी मांडणी मोडून तिथे नवी फाइल-व्यवस्था उभी करण्याची क्रिया. तिच्यापाठोपाठ बहुधा ऑपरेटिंग सिस्टिमही नव्याने टाकतात, म्हणून व्यवहारात दोन्ही कामांना मिळून ‘फॉरमॅट मारणे’ म्हटले जाते. संगणक मंदावला, व्हायरस शिरला, विंडोज सुरूच होईना किंवा यंत्र दुसऱ्याला द्यायचे ठरले की हा मार्ग धरतात. या क्रियेविषयी दोन गैरसमज पक्के रुजले आहेत. एक, फॉरमॅटने सगळे पुसले जाते. दुसरा, फॉरमॅटने सगळे सुधारते.

हार्ड डिस्कमध्ये चुंबकीय लेप दिलेल्या चकत्या असतात. चकतीवर एकाच केंद्राभोवती वर्तुळाकार ट्रॅक आणि ट्रॅकवर सेक्टर आखलेले असतात. सेक्टर अनेक दशके ५१२ बाइटचा होता. २०११च्या सुमारास उत्पादक ४,०९६ बाइटच्या सेक्टरकडे वळले. ही आखणी म्हणजे निम्नस्तरीय फॉरमॅट. १९८०च्या दशकातल्या अनेक डिस्कवर तो वापरणाऱ्याला डॉसमधून स्वतः करता येई. आयडीई डिस्क आल्यापासून तो कारखान्यातच होतो. आज घरी किंवा दुकानात होतो तो उच्चस्तरीय फॉरमॅट. त्यात पार्टिशनवर बूट सेक्टर लिहिला जातो, कोणती फाइल कुठे आहे याची कोरी नोंदवही तयार होते आणि मूळ फोल्डर उघडला जातो. नोंदवही ठेवण्याच्या पद्धती वेगवेगळ्या आहेत. विंडोज एनटीबरोबर १९९३ साली एनटीएफएस आली, १९९६मध्ये फॅट-३२ आली. फॅट-३२मध्ये ४ जीबी किंवा त्याहून मोठी एक फाइल मावत नाही, म्हणून मोठ्या आकाराचा चित्रपट जुन्या पेनड्राइव्हवर कॉपी होता होत नाही. लिनक्समध्ये सहसा ईएक्सटी-४ वापरतात.

क्विक फॉरमॅटमध्ये फक्त ही नोंदवही नवी होते. तलाठ्याच्या दप्तरातले पान फाटले म्हणून शेत नाहीसे होत नाही, तसा मूळ मजकूर सेक्टरांत पडूनच राहतो. त्यावर नवे काही लिहिले जाईपर्यंत फोटोरेकसारखी मोफत साधनेही तो बऱ्याच अंशी परत काढून देतात. विंडोज एक्सपीपर्यंतचा ‘फुल’ फॉरमॅटसुद्धा सेक्टर फक्त वाचून खराब जागा शोधत असे. व्हिस्टापासून तो प्रत्येक जागी शून्ये लिहू लागला आणि तेव्हापासूनच त्याला लागणाऱ्या वेळाला काही अर्थ आला. एमआयटीतील सिमसन गारफिंकेल आणि अभि शेलाट यांनी वापरलेल्या १५८ डिस्क विकत घेऊन तपासल्या. त्यांचा लेख २००३ साली प्रसिद्ध झाला. वाचता आलेल्या १२९ डिस्कपैकी नीट पुसलेल्या निघाल्या अवघ्या १२. बाकीच्यांपैकी काहींवर क्रेडिट कार्डांचे क्रमांक आणि खासगी पत्रव्यवहार सापडला. एक डिस्क तर एटीएममधली असावी असे तिच्यावरच्या व्यवहारांवरून दिसत होते. चकत्यांऐवजी चिपवर मजकूर साठवणाऱ्या एसएसडीचे गणित निराळे. तिच्यातला नियंत्रक लिखाण वेगवेगळ्या पेशींत फिरवत राहतो, त्यामुळे वरून शून्ये लिहून भागत नाही. उत्पादकाने दिलेली सिक्युअर इरेज ही आज्ञा वापरावी लागते.

खरे कष्ट फॉरमॅटच्या आधीचे असतात. आपल्याकडच्या जुळवलेल्या संगणकांत डिस्कचे सी, डी, ई असे भाग पाडायची रीत होती. विंडोज ‘सी’मध्ये, घरचे फोटो नि गाणी ‘डी’मध्ये, सी फॉरमॅट केले तरी डी शाबूत राही. ही सोय चांगली, पण ती फसवीही आहे. डेस्कटॉपवर आणि माय डॉक्युमेंट्समध्ये ठेवलेले सारे प्रत्यक्षात सी ड्राइव्हवरच असते. आउटलुकची टपाल-फाइल, ब्राउझरमधले बुकमार्क आणि टॅली या हिशेबाच्या प्रोग्रॅमचा डेटाही अनेकदा तिथेच. दुकानदार ‘सीमध्ये काही आहे का?’ विचारतो, गिऱ्हाईक ‘नाही’ म्हणते आणि वर्षाचे हिशेब जातात. बॅकअप वेगळ्या डिस्कवर घेऊन दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावा; डी ड्राइव्हवरची प्रत हा बॅकअप नव्हे, कारण डिस्क गेली तर दोन्ही एकदमच जातात.

मराठी वापरणाऱ्यांना एक जादा काळजी घ्यावी लागते. युनिकोड रुळण्यापूर्वी डीटीपी करणारे, छापखाने आणि कार्यालये यांचा मजकूर श्री-लिपी, आयएसएम अशा पॅकेजांच्या खास फाँटमध्ये टाइप होई. फाइलमध्ये साठलेले संकेत रोमन अक्षरांचेच असत, देवनागरी रूप फाँट देई. फॉरमॅटनंतर तो फाँट गेला की ग्रामपंचायतीचा ठराव असो वा दिवाळी अंकाची कथा, पडद्यावर अर्थहीन इंग्रजी अक्षरांची रांग उरते. म्हणून विंडोजमधला फाँट्स फोल्डर, पॅकेजची सीडी आणि असल्यास डोंगल आधी हाताशी ठेवावे. एक्सपीवर युनिकोड मराठीही आपोआप नीट दिसत नसे. भाषेच्या सेटिंगमध्ये जाऊन जटिल लिप्यांचा आधार वेगळा बसवावा लागे आणि त्यासाठी एक्सपीची सीडी पुन्हा मागितली जाई. तोवर जोडाक्षरे सुटलेली आणि पहिली वेलांटी अक्षराच्या पलीकडे. व्हिस्टापासून ही अडचण गेली.

विंडोज एक्सपी २५ ऑक्टोबर २००१ रोजी बाजारात आली आणि कित्येकजण फॉरमॅट मारायला तिच्यावरच शिकले. सीडीवरून संगणक सुरू करायचा, निळ्या पडद्यावर एफ-८ दाबून करार मान्य करायचा, पार्टिशन निवडायचे, परवान्याची २५ अक्षरांची की टाकायची. पहिल्या रिस्टार्टला ‘कोणतेही बटण दाबा’ या सूचनेला भुलून बटण दाबले की सारे पहिल्यापासून सुरू होई. पुढच्या टप्प्यात ३९ मिनिटे बाकी असल्याचे पडद्यावर लिहून येई, ते खरे ठरेलच असे नाही. साटा डिस्कच्या अनेक यंत्रांवर एक्सपीला डिस्कच सापडत नसे. मग फ्लॉपीवरून ड्रायव्हर द्या, नाहीतर बायॉसमध्ये आयडीई मोड लावा. सिस्टिम बसली तरी इंटरनेट लगेच जोडणे धोक्याचे होते. ऑगस्ट २००३मध्ये पसरलेला ब्लास्टर वर्म सुरक्षेची दुरुस्ती (पॅच) न बसवलेल्या संगणकात वापरणाऱ्याने काहीही न उघडता शिरत असे. फायरवॉल आपोआप चालू ठेवणारा सर्व्हिस पॅक-२ पुढच्या वर्षी आला.

आता हे काम किमान ८ जीबीच्या पेनड्राइव्हवरून होते. विंडोज ८पासून तयार मिळणाऱ्या संगणकांत की मदरबोर्डच्या चिपमध्येच असते, ती टाइप करावी लागत नाही. सेटिंगमधल्या ‘रीसेट’मुळे पेनड्राइव्हही लागेलच असे नाही. नेटवर्कचा ड्रायव्हर मात्र आधीच उतरवून ठेवावा, तो नसेल तर बाकीचे ड्रायव्हर मिळवायला इंटरनेटच चालत नाही. डिस्कवरचा मजकूर कुलूपबंद करणारी विंडोजची बिटलॉकर ही सोय चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की हवी. ती हरवली तर डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला लावूनही मजकूर वाचता येत नाही.

जुन्या संगणकापुढे खरा प्रश्न कोणती सिस्टिम टाकायची हा आहे. एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ला संपला, विंडोज ७चा १४ जानेवारी २०२०ला, विंडोज १०चा १४ ऑक्टोबर २०२५ला. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप, किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते. शिवाय बरेच जुने प्रोसेसर तिच्या यादीतच नाहीत. अशा यंत्रावर लिनक्स मिंट किंवा झुबुंटू टाकणे शहाणपणाचे. पेनड्राइव्हवरून आधी चालवून पाहता येते, मराठीही नीट दिसते. टॅली आणि जुनी डीटीपी पॅकेजे मात्र विंडोजची असल्याने तिथे थेट चालत नाहीत.

फॉरमॅटनंतर संगणक काही आठवडे झपाट्याने चालतो. साचलेले प्रोग्रॅम गेलेले असतात, त्याचा हा परिणाम. ते परत टाकले की मंदपणा परततो. कारण रॅमची टंचाई असेल तर फॉरमॅटने काहीच साधत नाही. टकटक आवाज करणारी किंवा ‘स्मार्ट’ या डिस्कच्या अंगभूत स्व-तपासणीत खराब सेक्टरांचा आकडा वाढता दाखवणारी डिस्क फॉरमॅट करून वाचत नाही. तिच्यावरचा मजकूर काढून घ्यावा आणि ती बदलावी. दहा वर्षांच्या संगणकात हार्ड डिस्कच्या जागी साधी साटा एसएसडी बसवली तर जो फरक पडतो, तो जुन्या डिस्कला कितीही वेळा फॉरमॅट मारून पडत नाही.