चक्रीवादळरोधक खिडक्या (ऐतिहासिक किनारी वस्त्यांतील)

वादळी वारा व त्यासोबत उडणाऱ्या वस्तूंचा मारा सोसणाऱ्या, पण जुन्या घराचे दर्शनी रूप न बिघडवणाऱ्या खिडक्या. अमेरिकेतील साउथ कॅरोलायना राज्याचे चार्ल्स्टन शहर हे अशा वस्तीचे ठळक उदाहरण. तेथे १९३१ पासून ऐतिहासिक वस्तीसाठी स्वतंत्र नियम आहेत. रस्त्यावरून दिसणारी खिडकी बदलायची तर वास्तुपरीक्षण मंडळाची मंजुरी घ्यावी लागते. सप्टेंबर १९८९ मध्ये ‘ह्यूगो’ चक्रीवादळ याच शहराजवळ किनाऱ्यावर आदळले.

खिडकी फुटली की घर नुसते भिजत नाही. आत घुसलेला वारा छताला खालून रेटतो, बाहेरचा वरून ओढतो आणि छप्पर उखडते. काचेवर चिकटपट्टीची फुली मारल्याने यातले काहीच टळत नाही, तरी लोक दर मोसमात ती मारतात. १९९२ च्या ‘अँड्र्यू’ वादळानंतर फ्लोरिडात नियम कडक झाले. तेथील चाचणीत सुमारे ४ किलोंचा लाकडी वासा ताशी ५५ किमी. वेगाने खिडकीवर मारतात. मग तिला हवेच्या दाबाचे आणि ओढीचे हजाराहून अधिक हिसके देतात. काच तडकली तरी चालते, आरपार भोक पडता कामा नये. हे साधते ते लॅमिनेटेड काचेमुळे : दोन काचांमधल्या पारदर्शक प्लास्टिकच्या थराला तुकडे चिकटून राहतात.

चार्ल्स्टनच्या जुन्या खिडक्या वर-खाली सरकणाऱ्या, बारीक लाकडी पट्ट्यांनी लहान तावदानांत विभागलेल्या असतात. नव्या खिडकीत दोन काचांमध्ये नुसती जाळी बसवली, तर पट्ट्यांची सावली हरवते आणि दर्शनी भाग सपाट दिसतो. शिवाय मूळ लाकूड बहुधा जुन्या जंगलातले, घट्ट दाण्याचे. ते काढून टाकणे हा तोट्याचाच सौदा. म्हणून मूळ खिडकी दुरुस्त करून तिच्यावर मजबूत, खरोखर मिटणारी बाहेरची झडप किंवा वादळापुरते काढघाल करता येणारे फलक लावणे हा पहिला पर्याय मानावा. नुसत्या शोभेच्या, भिंतीला ठोकलेल्या झडपा निरुपयोगी. खिडकी कुजलेलीच असेल, तर पट्ट्यांची जाडी व उठाव जुळवून लाकडी चौकटीत लॅमिनेटेड काच घ्यावी.

प्रमाणपत्र सुट्या काचेला नव्हे, तर काच, चौकट व बसवणी यांच्या संचाला मिळते. बसवणीत भिंतही आली, आणि चुन्यात बांधलेल्या जुन्या विटा मऊ असतात. विटेच्या कडेशी बोल्ट ठोकला की ती फुटते आणि महागडी खिडकी चौकटीसकट निखळू शकते.