शरणपूरचे विद्यार्थी आणि ‘हियर’चे स्थान

मराठीत ‘तो येथे राहतो’ असे सहज म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला इंग्रजी शिकताना ‘येथे’ हा शब्द क्रियापदानंतर न्यावा लागतो. पण तेच स्थलवाचक क्रियाविशेषण वाक्याच्या अग्रभागी आले, क्रियापद गती वा स्थिती दर्शविणारे असले आणि कर्ता नाम असला, तर क्रियापद कर्त्याच्याही आधी येते: ‘हियर कम्स द ट्रेन’. कर्ता सर्वनाम असेल तर मात्र ‘हियर ही कम्स’. या नियमाचे सर्वांत गंभीर उदाहरण लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीतील एका शिळेवर कोरलेले आहे, आणि त्याच्याशी नाशिकचा निकटचा संबंध आहे.

चर्च मिशनरी सोसायटीचे पाद्री विल्यम प्राइस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास नाशिकजवळ वसविलेल्या शरणपुरात, इंग्रज आरमाराने अरबी गलबतांवरून सोडविलेली आफ्रिकेतील गुलाम मुले मुंबईमार्गे आणली जात. तेथे त्यांना सुतारकाम, लोहारकाम आणि इंग्रजी शिकवीत. मातापित्यांपासून तोडलेल्या, मुलूख पारखा झालेल्या या मुलांनी परकी भाषा किती पक्की आत्मसात केली, याची साक्ष त्यांच्यापैकीच एक असलेला जेकब वेनराइट देतो.

धर्मप्रसारक व प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन १ मे १८७३ रोजी आफ्रिकेत चितांबोच्या गावी निवर्तले, तेव्हा त्यांचे हृदय वृक्षातळी पुरताना इंग्रजी प्रार्थना वाचली ती त्यांच्या ताफ्यात असलेल्या याच जेकबने, आणि त्या वृक्षाच्या खोडावर लिव्हिंगस्टन यांचे नाव कोरले तेही त्यानेच. नंतर लिव्हिंगस्टन यांचे सेवक सुसी व चुमा, जेकब आणि त्यांच्या सोबत्यांनी लिव्हिंगस्टन यांचा देह सुमारे हजार मैल वाहून समुद्रकाठच्या बागामोयोला पोचविला. १८ एप्रिल १८७४ रोजी ॲबीत शवपेटी वाहणाऱ्यांत जेकब होता.

तेथील शिळेवर, विश्वासू हातांनी भूमी व समुद्र ओलांडून आणलेला, असे म्हणून पुढे ‘हियर रेस्ट्स डेव्हिड लिव्हिंगस्टन’ हे शब्द आहेत; आधी स्थळ, मग क्रिया, मग कर्ता. त्या विश्वासू हातांत नाशिकला शिकलेले हात होते, ही गोष्ट माझ्या मते या शहराच्या इतिहासात ठळकपणे नोंदविण्यासारखी आहे. शरणपूर रोडवरून रोज ये-जा करणाऱ्या इंग्रजीच्या शिक्षकांना माझी विनंती आहे की, हा नियम शिकविताना त्यांनी फळ्यावर हेच वाक्य लिहावे आणि त्यासोबत जेकब वेनराइटचे नावही विद्यार्थ्यांना सांगावे.